फोटो खोटा निघाला म्हणून महाड खोटे ठरत नाही



आमच्या वस्तीतला एक मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २० मार्चला त्याने कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. चवदार तळ्याच्या पायरीवर वाकून बाबासाहेब ओंजळीत पाणी घेत आहेत, मागे हजारो माणसे उभी आहेत. खाली याने लिहिले, 'हा घ्या पुरावा.' पाच मिनिटांत ग्रुपमधल्या एकाने उत्तर दिले, 'हा फोटो एआयने बनवलाय. डावीकडच्या माणसाच्या हाताची बोटे मोज.' बोटे खरोखरच सहा होती. मग हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला आणि त्यामागून खरा वार आला. 'फोटो खोटा, तशी तुमची स्टोरी पण खोटी.'

मुलगा गप्प बसला. संध्याकाळी विहारातल्या अभ्यासिकेत येऊन म्हणाला, "दादा, आता काय उत्तर देऊ?"

मी विचारले, "चवदार तळ्याचा खटला माहीत आहे?" नव्हता. "'बहिष्कृत भारत' कधी सुरू झाले?" नाव ऐकले होते, साल नाही. मुलगा हुशार आहे. दहावीला इतिहासात उत्तम गुण होते. महाडचा सत्याग्रह कोणत्या साली झाला हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. पण 'हे आपल्याला कशावरून माहीत?' असे कोणी विचारले तेव्हा त्याच्याजवळ एक फॉरवर्ड आलेला फोटो होता, आणि तोही बनावट.

मला त्या मुलाचा राग आला नाही. राग आला तो त्याची दहा वर्षे परीक्षा घेणाऱ्या व्यवस्थेचा. आणि थोडा आपलाही. कारण तो फोटो त्याला आपल्यापैकीच कोणीतरी 'जास्तीत जास्त शेअर करा' म्हणून पाठवला होता.

या लेखात मी एकच मागणी करणार आहे. शाळेच्या इतिहासाच्या परीक्षेत मुलापुढे फोटो ठेवा आणि त्याला विचारा, 'या फोटोवर पुरावा म्हणून किती विश्वास ठेवशील आणि का?' या प्रश्नाला गुण द्या. आणि ही मागणी सर्वांत आधी आपण, फुले-आंबेडकरी चळवळीने, केली पाहिजे. कारण हा प्रश्न न विचारल्याने सर्वांत जास्त नुकसान आपल्या मुलांचे होते.

परीक्षा काय विचारते?

आपल्या राज्याच्या आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'इतिहासाची साधने' असा आहे. नववीत पहिल्या धड्यात तोच विषय पुन्हा येतो. भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य अशी साधनांची विभागणी असते आणि छायाचित्र हे त्यांतले एक साधन. म्हणजे फोटो हे इतिहासाचे साधन आहे, एवढे मान्य आहे. पण परीक्षेत येते काय? चुकीची जोडी ओळखा. संकल्पनाचित्र पूर्ण करा. टीप लिहा. मूल साधनांची यादी पाठ करते, यादी उतरवते, गुण घेते. हातात एक साधन देऊन 'हे तपास बरे' असे त्याला कोणी म्हणत नाही. सुतारकामाच्या परीक्षेत रंधा, करवत, पटाशी यांची नावे विचारायची आणि लाकडाला हात लावू द्यायचा नाही, तसा हा प्रकार.

आणखी एक प्रश्नप्रकार आठवा. 'पुढील विधान सकारण स्पष्ट करा.' विधान छापून दिलेले असते. ते खरेच आहे हे गृहीत असते. मुलाने फक्त त्याला कारणे जोडायची. विधानच तपासायचे असेल तर? पुरावा अपुरा आहे असे म्हणायचे असेल तर? उत्तरपत्रिकेत त्याला जागा नाही. वरून आलेले विधान मुकाट्याने मान्य करायचे आणि मग त्याला कारणे शोधत बसायचे, ही सवय या देशाला नवी नाही. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, आणि खरे आहे म्हणून त्याला कारणे जोडा, याच सवयीवर चातुर्वर्ण्य टिकले. तीच सवय आपण गुण देऊन मुलांच्या अंगी बाणवतो आहोत.

शिक्षकांना दोष देऊन भागत नाही. जे परीक्षेत येत नाही ते वर्गात उरत नाही, हे प्रत्येक पालकाला माहीत आहे. वर्गातले शिकवणे बदलायचे असेल तर प्रश्नपत्रिकेला हात घालावा लागेल.

कॅमेरा कोणाच्या हातात होता?

'फोटो खोटे बोलत नाही' असे म्हणतात. बोलतो. आणि एआय जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून बोलतो.

नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदर बागेत इंग्रज फौजेने बंडातल्या शिपायांची कत्तल केली. फेलिस बिआटो हा छायाचित्रकार लखनौला पोहोचला मार्च १८५८ मध्ये. त्याच्या गाजलेल्या फोटोत पडक्या इमारतीपुढे हाडे आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात. झाकलेले अवशेष त्याने फोटोसाठी उघडे करायला लावले, असे त्या काळच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानेच आठवणींत नोंदवले आहे. मग हा फोटो खोटा का? कत्तल खरी आहे. माणसे खरी आहेत. पण समोरचे दृश्य लढाईच्या दिवसाचे नाही, ते काही महिन्यांनी मांडलेले आहे. 'खरा की खोटा' एवढाच प्रश्न विचारला तर हे कळणार नाही. 'कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही' असे विचारले तर कळेल.

आता मुंबईत या. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या 'जाती-जमातीं'चे दोन खंड काढले. त्यांतले अनेक फोटो जोडकाम आहेत. माणसांचे फोटो एका ठिकाणी काढले, मागचे रस्ते, देवळे, इमारती दुसरीकडच्या, आणि दोन्ही एकत्र चिकटवून एक दृश्य तयार केले. माणूस त्या जागी उभाच नव्हता. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा सरकारी प्रकल्प निघाला. बहुतेक ठिकाणी फोटोखाली माणसाचे नाव नाही, जात आहे किंवा जमात आहे. सोबतच्या मजकुरात अख्ख्या समाजाचा स्वभाव ठरवून टाकलेला. हे आज्ञाधारक, हे चोरटे, हे लढवय्ये.

एखाद्या गरीब माणसाला कॅमेऱ्यापुढे उभे केले, त्याच्या हातात त्याच्या 'जातीचे' अवजार दिले आणि खाली जातीचे नाव छापले, तर तो फोटो कशाचा पुरावा? ती माणसे तशीच होती याचा? की फोटो काढणाऱ्याला ती तशी दाखवायची होती याचा? जे मूल हा प्रश्न विचारायला शिकले नाही ते असा फोटो बघून म्हणेल, 'अच्छा, हे लोक असे असायचे.' म्हणजे जात ही निसर्गाने केलेली गोष्ट आहे, असाच धडा ते फोटोतून शिकेल, आणि तोही कोणी न शिकवता. म्हणून मी म्हणतो, फोटो पारखणे हा केवळ अभ्यासक्रमाचा प्रश्न नाही. तो जातीचा प्रश्न आहे.

याची दुसरी बाजूही आहे. 'फोटो दाखवा, मग मानतो' असे आपल्याला म्हणणारे लोक विसरतात की एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात कॅमेरा कोणाकडे होता. कॅमेरा, प्लेट, फिल्म, धुलाई, छपाई हा सगळा खर्च गिरणीत राबणाऱ्या किंवा गावकीची कामे करणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत निघालेल्या बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण आज आपल्याकडे आहे, ते नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून केले म्हणून. आपल्या इतिहासातला एकेक फोटो असा कोणाच्या तरी खिशातून आला आहे. ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता त्यांच्या आयुष्यात काही घडलेच नाही, असे म्हणणे म्हणजे 'ज्यांना लिहू दिले नाही त्यांनी काही लिहिले नाही' असे म्हणून त्यांना अडाणी ठरवण्यासारखे आहे.

महाडचा पुरावा फोटोत नाही, कागदात आहे

मग त्या मुलाने ग्रुपवर काय टाकायला हवे होते?

४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा तो ठराव सरकारी कामकाजात नोंदलेला आहे. त्याला धरून महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मधला. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद आणि तळ्यावर गेलेला मोर्चा, यांचे वृत्तांत ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'मध्ये आहेत. परिषदेच्या आयोजकांपैकी रा. बा. मोरे यांच्या आठवणी आहेत.

आणि सगळ्यांत भक्कम पुरावा तर विरोधकांनीच आपल्या हाताने लिहून दिला आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला, की अस्पृश्यांना या तळ्यावर पाणी भरण्याचा हक्क नाही. प्रतिवादींत बाबासाहेब होते. हा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अस्पृश्यांना बंदी घालणारी अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्यांना महाड घडू द्यायचे नव्हते त्यांनीच महाड घडल्याचा कागद कोर्टात दाखल केला. यापेक्षा मोठा साक्षीदार कोण हवा?

हे सगळे असताना आपला मुलगा सहा बोटांच्या फोटोवर विसंबतो आणि वादात हरतो. सत्य आपल्या बाजूने असून हरतो. वाईट वाटते ते याचे.

फातिमा शेख यांच्याबाबतही हेच झाले. जानेवारी २०२५ मध्ये दिलीप मंडल यांनी जाहीर केले, की फातिमा शेख हे पात्र आपणच तयार केले. एका रात्रीत देशभर गदारोळ उठला. आपल्यातले कितीतरी लोक उत्तर म्हणून तो जुना फोटो फिरवू लागले, ज्यात सावित्रीबाईंसोबत बसलेली दुसरी स्त्री फातिमा म्हणून ओळखली जाते. पण फोटोतली स्त्री आपले नाव सांगत नाही. नाव सांगते ती फोटोखालची ओळ, आणि ती ओळ कोणीतरी नंतर लिहिलेली असते. फोटो पुढे केला की वाद त्या ओळीवर जातो आणि तिथेच अडकतो.

खरे उत्तर वेगळ्या ठिकाणी होते. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. ते पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय'मध्ये आहे आणि ते पुस्तक राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये छापले. तेव्हा सोशल मीडिया नव्हता. छापील पुस्तकातले नाव नंतरचा कोणी 'तयार' कसे करेल? एवढे एक वाक्य पुरेसे होते. त्याच वेळी आपण प्रामाणिकपणे हेही म्हणायला हवे होते, की पत्रातल्या उल्लेखाने फातिमा नावाची सहकारी होती हे कळते. तिची जन्मतारीख, तिचे शिक्षण, तिचा चेहरा यांतल्या प्रत्येक गोष्टीला वेगळा पुरावा लागेल. पुराव्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच ठामपणे बोलणारा माणूस वादात सहसा हरत नाही.

अभ्यासिकेत घेतलेली परीक्षा

त्या प्रसंगानंतर मी अभ्यासिकेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांची एक छोटी परीक्षा घेतली. कॅलेंडरवर येते तसे महाडचे रंगीत चित्र फळ्यावर लावले आणि एकच प्रश्न लिहिला. '१९२७ मध्ये महाडला काय घडले हे समजून घ्यायला हे चित्र किती उपयोगी आहे? कारणे द्या.'

बहुतेक मुलांनी लिहिले, 'खूप उपयोगी, कारण यात सर्व काही स्पष्ट दिसते.' काहींनी महाडची सगळी माहिती लिहून काढली. माहिती बरोबर होती, पण चित्राबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. दोघांनी लिहिले, 'आजकाल सगळे फोटो खोटेच असतात, म्हणून काहीच उपयोगी नाही.' आणि आठवीतल्या एका मुलीने पेपर लिहायच्या आधीच हात वर केला. "सर, बाबासाहेब यात इतके म्हातारे कसे दिसतात?"

मी तिलाच विचारले, "तेव्हा ते किती वर्षांचे असतील?" तिने बोटांवर हिशेब केला. जन्म १४ एप्रिल १८९१. मार्च १९२७ म्हणजे पस्तीस वर्षे पूर्ण. "मग हे तर साठीचे वाटतात," ती म्हणाली. "आणि सर, हे समोरून दिसते म्हणजे बघणारा पाण्यात उभा पाहिजे ना?"

अख्खा वर्ग चित्राजवळ आला. दहा मिनिटांत मुलांनी स्वतःच शोधले, की हे चित्र आहे, फोटो नाही. ते घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी काढलेले आहे. चित्रकाराने बाबासाहेबांच्या नंतरच्या काळातला चेहरा वापरला आहे. म्हणजे हे चित्र १९२७ चा पुरावा नाही. मात्र पुढच्या पिढ्यांनी महाड कसे मनात जपले, त्याचा हा उत्तम पुरावा आहे! हे दुसरे वाक्य ज्या दिवशी मूल स्वतः म्हणेल, त्या दिवशी ते इतिहास शिकले.

हा प्रयोग माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इतिहास-शिक्षणाच्या गटाने अशा छोट्या परीक्षा तयार केल्या आहेत. त्यांतल्या एकीत १६२१ मधल्या 'पहिल्या थँक्सगिव्हिंग'चे चित्र देतात. गोरे वसाहतवाले आणि मूळनिवासी वाम्पानोआग एकत्र जेवत आहेत, सगळे गुण्यागोविंदाने. चित्राखाली चित्रकाराचे नाव आणि साल असते. ते काढलेले आहे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. मुलांना विचारतात, त्या वेळचे दोन समाजांचे संबंध समजून घ्यायला हे उपयोगी आहे का? तारीख समोर छापलेली असते. ती वापरायची बुद्धी होते का, एवढेच बघायचे. जेत्यांनी काढलेले गोडगोड चित्र पुरावा म्हणून गिळायचे की तपासायचे, हा प्रश्न तिथल्या मूळनिवासींच्या पोरांइतकाच आपल्या पोरांचाही आहे.

याच गटाने २०१६ मध्ये आणखी एक निष्कर्ष मांडला. विचित्र आकाराच्या डेझी फुलांचा एक फोटो, खाली लिहिलेले की ही फुले फुकुशिमाच्या अणुभट्टीजवळची. फोटो कोणी काढला, कुठे काढला, काही नाही. १७० हायस्कूल विद्यार्थ्यांना विचारले, हा भक्कम पुरावा आहे का? नीट चिकित्सा करणारे वीस टक्क्यांहूनही कमी निघाले. जवळजवळ चाळीस टक्के म्हणाले, हो, भक्कम पुरावा, कारण फोटो आहे. म्हणजे आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना कमी लेखण्याचे कारण नाही. कोणी शिकवले नाही तर जगात कुठलेही मूल असेच लिहील.

प्रश्न कसा असावा, गुण कसे द्यावेत

'हे सगळे ठीक, पण परीक्षेत हे जमणार कसे?' असे शिक्षक मित्र विचारतात. एक नमुना देतो.

फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला फोटो सर्वांना माहीत आहे. यशवंत, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी हा कुत्रा. फोटो छापा, खाली महिना, साल, ठिकाण आणि नावे द्या. मग चार गुणांचे चार प्रश्न. या फोटोतून खात्रीने काय कळते? काय कळत नाही? फोटोच्या खाली लिहिलेली माहिती आणि फोटोत दिसणारी माहिती वेगळी करा. आणखी कोणते साधन पाहिले तर तुमची खात्री वाढेल?

पहिल्याला मूल लिहील, कपडे, बसण्याची रीत, कोण कोण एकत्र होते. दुसऱ्याला लिहील, फोटोसाठी सगळे नीट बसले आहेत, त्यावरून रोजचे जगणे कळत नाही. रमाईंनी काढलेले हालाचे दिवस यात नाहीत. त्यांची प्रकृती कशी होती हे फोटो सांगत नाही, आणि पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ ला, त्या गेल्या. तिसऱ्याला लिहील, नावे आणि तारीख फोटोत नाहीत, ती ओळीतून आली. चौथ्याला लिहील, पत्रे, आठवणी, त्या काळची वर्तमानपत्रे.

तपासताना नियम साधा ठेवा. 'दिसते म्हणून खरे' याला शून्य. 'सगळे फोटो खोटे' यालाही शून्य. नेमके कारण दिले, म्हणजे तारीख, काढणारा, हेतू, जागा, मांडणी यांपैकी काही पकडले, तर गुण. आणि दुसऱ्या साधनाशी ताडून पाहिले तर पूर्ण गुण. यात पाठांतर चालत नाही, आणि गाइड छापणाऱ्यांनाही अवघड जाते. महागड्या क्लासला जाणाऱ्या आणि विहारात अभ्यास करणाऱ्या मुलांतले अंतर ज्या थोड्या प्रश्नांत कमी होते, त्यांतला हा एक आहे. आठवीतल्या त्या मुलीने कुठलाच क्लास लावलेला नाही.

काही आक्षेप

'मुले लहान आहेत, त्यांना काय कळणार?' मुलांच्या हातात मोबाइल आहे. ती रोज फोटो बघून मते बनवतातच. प्रश्न एवढाच आहे, की ते काम शिकवून करू द्यायचे की न शिकवता.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. 'बाबासाहेबांच्या फोटोवर शंका घ्यायला शिकवता? लोकांच्या भावना दुखावतील.' मित्रहो, कालाम सुत्तात तथागतांनी काय सांगितले ते आपण दर बुद्धपौर्णिमेला ऐकतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका. मग व्हॉट्सअॅपवर आले म्हणून मानायचे? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. अस्पृश्यतेच्या उगमावरचे आपले १९४८ चे पुस्तक लिहिताना, जिथे थेट पुरावा नाही तिथे आपण अनुमान करत आहोत, हे त्यांनी प्रस्तावनेतच उघड सांगितले. ज्या माणसाने स्वतःचे अनुमान पुराव्यापासून वेगळे काढून दाखवले, त्याच्या नावाने बनावट फोटो फिरवणे ही भक्ती नाही, अपमान आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. 'शंका शिकवली तर उद्या अत्याचाराचे फोटोही लोक नाकारतील.' नाकारतातच! आजही कुठल्याही अत्याचाराचा फोटो बाहेर आला की पहिली प्रतिक्रिया असते, 'जुना आहे, दुसऱ्या राज्यातला आहे, एडिट केलाय.' सरसकट शंका हे त्यांचे हत्यार आहे, आणि म्हणूनच वरच्या नियमात 'सगळे खोटे' या उत्तराला शून्य आहे. त्या हत्याराला उत्तर आंधळ्या विश्वासाने देता येत नाही, पारखून दिलेल्या कारणानेच देता येते.

आणि हे फक्त जुन्या फोटोंपुरते नाही. आज गावात बहिष्कार पडला, घर जाळले, मारहाण झाली, तर पहिला फोटो आपल्याच पोराच्या मोबाइलमध्ये असतो. तोच उद्या कोर्टात जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली वेळ, जागा अशी आतली माहिती निघून जाते. मूळ फाइल डिलीट झाली आणि हाती फक्त फॉरवर्ड उरला, की समोरच्या वकिलाचे अर्धे काम आपणच करून दिले. ज्या मुलाला शाळेत 'हा फोटो कोणी, कधी, कुठे काढला?' असे विचारण्याची सवय लागली असेल, तो स्वतः फोटो काढताना मूळ फाइल जपून ठेवेल, आजूबाजूची खूण चौकटीत घेईल, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवेल. आज त्याने काढलेला फोटो पन्नास वर्षांनी 'ऐतिहासिक छायाचित्र' होणार आहे. तो तपासणीत टिकला पाहिजे.

तेव्हा करायचे काय?

मंडळाकडे आणि शिक्षण खात्याकडे निवेदने द्यावीत, की इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत किमान एक प्रश्न साधन पारखण्याचा असावा. तोपर्यंत वाट बघत बसायचे कारण नाही. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत महिन्यातून एकदा एक फोटो फळ्यावर लावा आणि मुलांना वरचे चार प्रश्न विचारा. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला सामान्यज्ञान स्पर्धा घेता, त्यात सनावळ्यांबरोबर हाही एक प्रश्न घाला. आणि आपण मोठ्यांनी एक पथ्य पाळावे. कोणी काढला, कधी काढला हे माहीत नसेल तो फोटो 'पुरावा' म्हणून पुढे पाठवायचा नाही.

त्या मुलाचे काय झाले ते सांगतो. दोन दिवसांनी त्याने त्याच ग्रुपवर लिहिले, 'तो फोटो बनावट होता, मी न तपासता टाकला, चूक माझी.' आणि त्याखाली १९२३ चा ठराव, १९२७ चा दावा आणि १९३७ चा निकाल तारखांसह लिहिला. यावेळी इमोजी आले नाहीत. ज्याने बोटे मोजायला सांगितली होती त्याने बऱ्याच वेळाने एवढेच विचारले, 'हा निकाल वाचायला कुठे मिळेल?'

तो कुठे मिळेल, हे मुलाने त्याला सांगितले.

जय भीम!